सोसायटीच्या हॉलमध्ये बालगीतांची बैठक: पट्टी, ठेका, वाद्यं आणि वेळ

मुंबईत मुलांसाठी गाणं भरपूर आहे. कार्टूनचं आहे, शाळेच्या गॅदरिंगचं आहे, मोबाइलमधलं तर रात्रंदिवस आहे. कमी झालंय ते घरच्यांनी मुलांबरोबर तोंडाने गाणं. गणपतीतले दिवस आणि नवरात्रातला भोंडला सोडला तर तीन पिढ्या एका सुरात बसल्याचं चित्र आता क्वचितच दिसतं. महिन्यातून एकदा, सोसायटीतली आठ-दहा कुटुंबं जमवून चाळीस मिनिटांची बैठक भरवली तर ही उणीव पुष्कळ भरून निघते. तिला ना कलाकार लागतात ना माइक. तयारी मात्र लागते, आणि त्या तयारीतलं पहिलं काम म्हणजे पट्टी ठरवणं, म्हणजे गाण्याचा सा किती उंच धरायचा ते ठरवणं.

पट्टी मुलांची धरा

बालगीतांचे बहुतेक कार्यक्रम फसतात ते इथेच. गाणारी आई किंवा काकू आपल्या सवयीच्या काळी चार किंवा काळी पाचमध्ये (पेटीच्या सप्तकातली चौथी किंवा पाचवी काळी पट्टी सा धरून) सुरुवात करते. तिच्या गळ्याला ते सोयीचं असतं, पण चार वर्षांच्या मुलाला सा आणि रे इतके खाली पडतात की तो गाऊच शकत नाही. मग तो बोलण्याच्या आवाजात ओरडतो. मोठी माणसं म्हणतात, "याला सूरच नाही." सूर असतो, त्याला तो सापडेल अशा जागी कुणी ठेवलेला नसतो.

तीन ते पाच वर्षांच्या मुलांचा आरामाचा पल्ला साधारण मध्य सप्तकातल्या पांढरी दोनपासून पांढरी सहापर्यंत असतो, म्हणजे जेमतेम पाच-सहा सूर. सहा ते आठ वर्षांची मुलं जवळजवळ पूर्ण सप्तक गातात. नऊच्या पुढची मुलं त्याच्याही थोडी वर-खाली जातात. सगळ्या वयाची मुलं एकत्र असतील तेव्हा सर्वांत लहान मुलाच्या पल्ल्याने चाला. मोठ्यांना ते अवघड जात नाही.

नेमकी पट्टी काढायला हाक वापरा. मुलाला म्हणा, खाली खेळणाऱ्या मित्राला खिडकीतून बोलाव. "अथर्वऽऽ, येऽऽ" अशी हाक मूल मारतं तेव्हा आवाज वरच्या सुरावरून खालच्या सुरावर येतो, आणि हे अंतर बहुतेक वेळा प आणि शुद्ध ग यांमधलं असतं. हाकेतला वरचा सूर पेटीवर शोधा. तो प समजा आणि तिथून काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजत डावीकडे सात पट्ट्या या. तिथे तुमचा सा. हाकेचा वरचा सूर पांढरी पाच असेल तर सा पांढरी एक, काळी चार असेल तर काळी एक, पांढरी सहा असेल तर पांढरी दोन, आणि काळी पाच असेल तर काळी दोन. पाच-सहा मुलांच्या हाका घ्या आणि मधला सूर धरा. बहुतेक वेळा सा काळी एक किंवा पांढरी दोनवर येऊन थांबतो.

इथे एक घोटाळा हमखास होतो. पुरुष गायकही काळी एकमध्ये गातो, पण त्याचा सा एक सप्तक खाली असतो. मुलांची काळी एक ट्यूनर अॅपवर साधारण २७७ हर्ट्झ दाखवते, पुरुषाची साधारण १३९. अॅपवर काळी एकचं नाव सी शार्प असतं, पांढरी दोनचं डी. बाईच्या काळी चारपेक्षा मुलांची काळी एक पाच पट्ट्या वर आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी गल्लत होत नाही. पेटी वाजवताना खर्जाच्या (खालच्या सप्तकाच्या) रीडचा स्टॉप बंद ठेवा. खर्ज सुरू असला की मुलांचा कान खालच्या सुराकडे ओढला जातो आणि दोन ओळींत सगळी बैठक खाली घसरते.

बाबा आणि आजोबा लोकांनी गायचंच, पण पहिली ओळ धरायची नाही. लहान मुलांना एक सप्तक खालचा आवाज ऐकून आपला सूर पकडणं कठीण जातं. पहिल्यांदा बाईने किंवा दहा-बारा वर्षांच्या मोठ्या मुलीने गाणं उचलावं, मुलं स्थिर झाली की दुसऱ्या कडव्यापासून पुरुषांनी मिसळावं. घरच्या आरतीलाही हेच लागू पडतं. ज्याचा आवाज मोठा तो आरती सुरू करतो आणि बाकीचे त्याच्या मागे धावतात. या वर्षी आजीला सुरू करायला सांगून पाहा, मुलांचा आवाज ओरडण्यातून गाण्यात आलेला ऐकू येईल.

गाणी निवडताना

चाळीस मिनिटांत सात-आठ गाणी पुरतात. त्यांत नवं फक्त एक, मागच्या महिन्यातलं एक, बाकी सगळी येणारी. मोठ्यांना तेच ते गाणं कंटाळवाणं वाटतं, मुलांना त्यातच आनंद असतो, कारण पुढे काय येणार हे त्यांना ठाऊक असतं.

निवडीची कसोटी सोपी आहे. गाण्यातला सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर पेटीवर शोधा. अंतर सा ते ध इतकंच असेल तर ते पाच वर्षांखालच्यांना चालेल. तार सा (वरच्या सप्तकाचा सा) लागत असेल तर सहा वर्षांच्या पुढे. मुरक्या, हरकती, लांब दम लागणारी ओळ असेल तर ते गाणं ऐकवायचं, गाऊन घ्यायचं नाही. पुष्कळ लोकप्रिय बालगीतं कसलेल्या गायकांनी गायली आहेत आणि त्यांचा पल्ला मुलांच्या आवाक्याबाहेरचा आहे. ती घरी मुलांना जरूर ऐकवा, बैठकीत गायला घेऊ नका.

सर्वांत चांगला साठा घरातच असतो. बोटं मोजायची, टाळ्यांची, पावसाची, चांदोबाची, भोंडल्याच्या फेराची पारंपरिक गाणी दोन-चार सुरांतच फिरतात, कारण ती मुलांसाठी आणि मुलांनीच घडवलेली आहेत. आजी-आजोबांकडून ती उतरवून घ्या. कोकणातली, देशावरची, खानदेशातली चाल वेगळी असेल. कुठली बरोबर हा वाद घालू नका, ज्या आजी समोर बसल्या आहेत त्यांची चाल घ्या. मोबाइलवर दोनदा रेकॉर्ड करा, कारण पहिल्यांदा त्या आठवत आठवत गातात, चाल नीट येते ती दुसऱ्यांदा. त्यांची पट्टी खाली असेल, ती तुम्ही वर चढवून घ्यायची.

ताल दोनच पुरतात: आठ मात्रांचा (ठोक्यांचा) केरवा आणि सहा मात्रांचा दादरा. लयीबद्दल मोठ्यांची चूक उलटी होते. लहान मूल आहे म्हणून आपण सावकाश गातो, पण लहान मुलांची स्वतःची चाल आणि टाळी आपल्यापेक्षा जलद असते. मिनिटाला १०० ते १२० ठोके ठेवा. त्याहून संथ गायलं की मुलांचा दम ओळीच्या मध्येच संपतो आणि टाळी पुढे पळते.

नवं गाणं शिकवण्याची रीत

उदाहरणासाठी चार ओळी घेऊ. केरवा, प्रत्येक ओळ आठ मात्रांची:

टप टप टप टप पत्र्यावर
(प ग प ग । म ग रे –)
पाऊस नाचे छपरावर
(म रे म रे । ग रे सा –)
छत्री उघडा, छत्री मिटा
(सा रे ग म । प ध प प)
पाणी साचलं रस्त्यावर
(प म ग रे । ग रे सा –)

सगळे सूर शुद्ध, पल्ला सा ते ध. पहिल्या ओळीची सुरुवात प-ग म्हणजे खिडकीतल्या हाकेचेच सूर, म्हणून ती मुलांच्या तोंडी लगेच बसते.

आधी पूर्ण गाणं दोनदा गाऊन दाखवा. मुलांनी फक्त ऐकायचं आणि 'छत्री उघडा'ला हात वर पसरायचे, 'मिटा'ला जवळ घ्यायचे. हाताला काम असलं की कान उघडे राहतात. मग चाल बाजूला ठेवून नुसते शब्द टाळीवर म्हणून घ्या. 'पत्र्यावर' आणि 'रस्त्यावर' इथे जोडाक्षरामुळे लहान मुलं अडखळतात. 'पत्-र्या-वर' असं एकेका टाळीवर एक तुकडा देऊन तीन-चार वेळा म्हणवलं की ते सुटतं. ही पायरी गाळली तर मूल शब्द शोधता शोधता सूर सोडतं.

त्यानंतर ओळीमागे ओळ: तुम्ही गायची, त्यांनी परत गायची. मध्ये थांबून समजावत बसू नका. टाळी अखंड चालू ठेवा, आठ मात्रा तुमच्या, पुढच्या आठ त्यांच्या. ते गात असताना तुम्ही तोंड मिटून ऐकायचं. बैठक चालवणाऱ्यांना हे सर्वांत अवघड जातं. मदत करायची म्हणून आपण त्यांच्याबरोबर गात राहतो आणि कुणाची कुठे चूक होते ते कळतच नाही. दोन फेऱ्यांनंतर ओळीचा शेवटचा शब्द सोडून द्या: "टप टप टप टप…" आणि थांबा. "पत्र्यावर!" असं उत्तर आलं की गाणं बसलं.

तिसऱ्या ओळीत मुलं ध ला पोहोचत नसतील आणि आवाज फुटत असेल तर पट्टी एका सुराने खाली आणा. उलट दुसऱ्या ओळीतल्या सा ला आवाज गायब होत असेल तर एका सुराने वर चढा. दोन्ही एकाच वेळी होत असेल तर गाणं त्या वयाला मोठं आहे, पुढच्या वर्षी घ्या.

आणि एकट्या मुलाला सर्वांदेखत सूर सुधारायला लावू नका. चार वर्षांच्या मुलाला "तू बेसूर आहेस" म्हटलेलं ते पुढे कित्येक वर्षं विसरत नाही. सूर न लागणाऱ्या मुलासाठी गाण्याबाहेरचे खेळ आहेत: कोकिळेसारखं 'कुऊ' करणं, लिफ्ट तळमजल्यावरून सातव्या मजल्यावर जाते तसा आवाज खालून वर सरकवणं, जत्रेतला पाळणा उतरतो तसा खाली आणणं. यातून मुलाला पहिल्यांदा कळतं की बोलण्याच्या आवाजाच्या वरही आपल्याकडे एक पातळ, हलका आवाज आहे. हेच खेळ सगळ्यांनी मिळून सुरुवातीला दोन मिनिटं खेळले तर कुणा एकाकडे बोट जात नाही.

वाद्यं

टाळ आणि लेझीम मोकळ्या मैदानात कितीही छान वाटले तरी बंद हॉलमध्ये, दोन फुटांवर बसलेल्या बाळाच्या कानाला ते फार होतात. मंजिरी घ्यायचीच तर एकच जोडी, ती मोठ्याच्या हातात आणि हलक्या हाताने. मुलांसाठी खुळखुळे, करवंट्या, एखाद-दोन डफल्या आणि मनगटाला बांधायचे घुंगरू पुरतात.

खुळखुळा घरी करायचा तर २०० मिलीची प्लॅस्टिकची बाटली घ्या आणि आत दोन मोठे चमचे तांदूळ किंवा मसूर घाला. बाटलीचा एक चतुर्थांशपेक्षा कमी भाग भरायला हवा. अर्धी भरली तर दाण्यांना हलायला जागा उरत नाही आणि आवाज गुदमरतो. रव्याचा आवाज मऊ येतो, तो तान्ह्या बाळांच्या गटाला चांगला. राजमा फार खडखडतो. मुंबईच्या हवेत दाणे दमट होऊन गोळा होतात आणि पावसाळ्यात कीडही लागते, म्हणून भरण्याआधी तांदूळ कोरड्या कढईत मंद आचेवर तीन-चार मिनिटं भाजा आणि पूर्ण गार करून मग भरा. झाकणाच्या आट्यांना अॅराल्डाइट लावून घट्ट बसवा, चोवीस तास वाळू द्या, वरून चिकटपट्टी गुंडाळा. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात झाकण निघालं तर दाणा नाकात किंवा घशात अडकण्याचा खरा धोका आहे. प्रत्येक बैठकीआधी सगळी झाकणं पिळून तपासा.

करवंट्यांचं वाद्य सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गोड. नारळ मधोमध फुटलेला हवा. शेंड्या पूर्ण काढा, कडा आधी ८० नंबरच्या आणि मग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, दोन दिवस वाळवा. तोंडाला तोंड लावून आपटल्या तर पोकळ 'टॉक', पाठीला पाठ लावली तर कोरडा 'टिक'. वरच्या गाण्यातलं 'टप टप टप टप' यांच्यासाठीच आहे. पहिल्या चार मात्रांना करवंट्या वाजवायच्या आणि 'पत्र्यावर'ला गप्प राहायचं. वाजवायला सगळ्यांना येतं, थांबायला शिकलं की मूल ताल शिकलं.

वाद्यं कधी काढायची यावर अर्धी बैठक अवलंबून असते. दारातच पिशवी उघडली तर पुढची चाळीस मिनिटं कुणी काही ऐकणार नाही. पहिली पंधरा मिनिटं पिशवी बंद ठेवा. वाटण्याआधी थांबण्याची खूण शिकवा: तुम्ही दोन्ही हात डोक्यावर ठेवले की सगळ्यांनी वाद्य मांडीवर ठेवायचं. रिकाम्या हातांनी ही खूण दोनदा करून घ्या. बारा मुलांसाठी बारा तऱ्हेची वाद्यं आणलीत तर भांडणं होणारच. सहा खुळखुळे, चार जोड्या करवंट्या, दोन डफल्या ठेवा आणि प्रत्येक गाण्यानंतर उजवीकडच्याला द्यायचं असा नियम करा. आठ-दहा मिनिटांनी पिशवी परत बंद.

कुणाकडे तबला असेल आणि तो काळी एकचा असेल तर मुलांच्या काळी एकला तोच चालतो, वेगळा घ्यायला नको. पेटी नवी घ्यायची झाली तर दादरला किंवा गिरगावात जाऊन, हाताने वाजवून घ्या. नाहीतर तानपुरा अॅप आणि दोन टाळ्या एवढ्यावरही बैठक उत्तम होते.

जागा, वेळ, आवाज

दहा कुटुंबांना, मुलं मांडीवर किंवा पुढ्यात धरून गोल बसायला १५ बाय १५ फूट जागा पुरते. टाइल्सच्या मोकळ्या हॉलमध्ये आवाज घुमतो आणि शब्द कळत नाहीत, म्हणून खाली सतरंज्या आणि खिडक्यांना पडदे हवेत. खाली कुणाचा फ्लॅट असेल तर सतरंजीखाली जुनी रजई घाला, उड्या मारायचं गाणं असतंच.

रविवारी सकाळी पावणेदहा ते साडेदहा ही वेळ सोयीची. दुपारच्या झोपेच्या आड ती येत नाही, आणि रेल्वेचा मेगाब्लॉक सुरू होण्याआधी परगावाहून आलेले आजी-आजोबा निघू शकतात. सेक्रेटरींना तारीख, वेळ आणि 'माइक नाही' एवढं लेखी द्या. तीस माणसांना माइक लागतच नाही. माइक हातात आला की मूल गाणं सोडून ओरडायला लागतं. उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायचाच झाला तर लेखी परवानगी लागते. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात इमारत येते का, तेही पाहा.

चाळीस मिनिटांची आखणी

पहिली पाच मिनिटं नावांचं गाणं: दोन सुरांवर प्रत्येक मुलाचं नाव घ्यायचं आणि सगळ्यांनी ते परत गायचं. उशिरा येणारे याच वेळात बसून घेतात. मग दोन मिनिटं कोकीळ आणि लिफ्ट. त्यानंतर आठ मिनिटं बोटांची आणि टाळ्यांची येणारी गाणी, बसूनच. पंधराव्या मिनिटाला वाद्यं. पंचविसाव्याला सगळे उभे, फेराची किंवा उड्यांची गाणी. लहान मुलांचं लक्ष इथवर विखुरलेलं असतं, अंगाला हालचाल मिळाली की ते परत येतं. त्यानंतर खाली बसून नवं गाणं, सहा-सात मिनिटं. ते सुरुवातीला घ्यायचा मोह होतो, पण दमलेलं, हसलेलं मूल ताज्या मुलापेक्षा शांत ऐकतं. शेवटी दिवे मंद करून एक अंगाई. ती मोठ्यांनी गायची, मुलांनी मांडीवर पडून ऐकायची. या वेळी कुणी पुरुष गायला तर फार छान, खालच्या सुराची ही खरी जागा आहे.

मोठ्या माणसांनी मोबाइल पिशवीत ठेवावेत, हे आधीच सांगून ठेवा. आई रेकॉर्डिंग करत असली की ती गात नाही, आणि ती गात नाही म्हणून मूलही गात नाही. दुसऱ्यांच्या मुलांचा व्हिडिओ त्यांना न विचारता पुढे पाठवू नये, हेही त्याच निरोपात लिहा.

बैठकींच्या मधले दिवस

महिन्यातून एकदा शिकवलेलं गाणं टिकतं ते घरी गायलं तरच. बैठकीच्याच संध्याकाळी ग्रुपवर नव्या गाण्याचं एक मिनिटाचं ध्वनिमुद्रण टाका: एकच आवाज, मागे तानपुरा, मुलांच्याच पट्टीत. ढोलकी-कीबोर्ड घातलेलं नको, त्यावर मूल नाचतं पण गात नाही. व्हिडिओ नको, आवाजच पाठवा. दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन देऊच नये आणि दोन ते चार वर्षांच्यांना दिवसात एक तासापेक्षा जास्त नको, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये सांगितलं आहे. हेडफोनवर ऐकवत असाल तर त्याच संघटनेची मुलांसाठीची मर्यादा आठवड्याला ४० तास, ७५ डेसिबलपर्यंत अशी आहे. शेजारी बसलेल्याला आपल्या मुलाच्या हेडफोनमधलं गाणं ऐकू येत असेल तर आवाज नक्कीच जास्त आहे.

ध्वनिमुद्रण लावायची ठरावीक वेळ ठेवा: आंघोळीची, शाळेच्या बसची वाट पाहण्याची, नाहीतर जेवण भरवण्याची. रोज एकदा, आठवडाभर. आठव्या दिवशी ते लावू नका आणि गाणं स्वतः सुरू करून शेवटचा शब्द सोडून द्या.

जून लागला की पेटी आणि तबल्याकडे बघा. पेटीच्या पट्ट्या ओलाव्याने फुगून अडकतात आणि भात्याच्या चामड्याला बुरशी येते. भाता मिटून, पेटीत सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या टाकून, खाटेखाली न ठेवता कपाटात वर ठेवा आणि दोन दिवसांनी एकदा दहा मिनिटं वाजवा. तबल्याची पुडी (वरचं चामडं) सैल पडून सूर उतरतो. हातोडीने गट्टे (कडेचे लाकडी ठोकळे) खाली ठोकून तो चढवता येतो, पण पावसाळा संपल्यावर हवा कोरडी होऊन तोच सूर आपोआप वर चढतो आणि ताणलेली पुडी फाटू शकते. ऑक्टोबरात गट्टे पुन्हा वर सरकवून ताण सैल करायला विसरू नका.